दहा महिन्यांची ठमी, क्रिएटिनिन ४.२

वाईहून एका मुलीचं तिच्या मांजरीबद्दल पत्र आलंय. मोठं आहे, थोडं छाटून देते. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं रक्तातून गाळून टाकायचा कचरा, किडनी थकली की रक्तातला त्याचा आकडा वाढतो.

"ताई, आमच्याकडे ठमी आणि गुंड्या ही मांजरांची भावंडं आहेत, गेल्या पावसात जिन्याखाली सापडलेली, साधी देशी. गुंड्या ३.८ किलोचा झालाय आणि ठमी २.१ वरच अडकलीये. पाणी खूप पिते, बाथरूमच्या बादलीत तोंड घालून पीत बसते. आई म्हणते एवढं पाणी चांगलं नाही, म्हणून ती आता बादलीवर ताट झाकून ठेवते. नसबंदीच्या आधी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ४.२, फॉस्फरस ६.८ आलं. लघवी पाण्यासारखी, घनता १.०१२. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान, एक २.४ सेंमी आणि एक २.१, कडा खडबडीत. डॉक्टर म्हणाले रीनल डिस्प्लेशिया दिसतोय, जन्मजात असतो, फार क्वचित दिसतो. दुसऱ्या डॉक्टरांनी तर सांगितलं की हाल करण्यापेक्षा झोपवून टाका. मावशी म्हणते कोरडं खाणं दिलंत म्हणून झालं. आम्ही आधी दूधपोळी द्यायचो, सुकट पण द्यायचो, त्यानं झालं का? ती बरी होईल का? गुंड्यालाही होईल का? जपानचं इंजेक्शन आलंय असं व्हॉट्सॲपवर फिरतंय, ते मिळेल का? ती अजून खेळते हो ताई, पडद्यावर चढते."

अगं, पडद्यावर चढते हे तू सगळ्यात शेवटी लिहिलंस आणि माझं सगळं उत्तर तिथूनच सुरू होतं. पण आधी एक सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. पंधरा वर्षं मांजरं पाळतेय, त्यातली दोन किडनीची होती, त्यातली एक वर्षाचीही नव्हती, तेव्हा औषधं आणि डोस तुझ्या डॉक्टरांकडूनच घे, मी फक्त काय विचारायचं आणि घरी काय करायचं ते सांगते.

मावशीचं आधी मिटवू. दूधपोळीनं, कोरड्या खाण्यानं, सुकटीनं डिस्प्लेशिया होत नाही. ही गडबड पिल्लू आईच्या पोटात असताना झालेली असते. किडनी तयार होताना तिचा काही भाग नीट घडतच नाही, अर्धवट गर्भातल्यासारखा राहून जातो, का ते बहुतेक वेळा कळत नाही, आईला गरोदरपणात विषाणूचा संसर्ग झाला असेल तर होऊ शकतं असं सांगतात. जिन्याखालच्या मांजरीचं गरोदरपण कसं गेलं असेल ते आपण कुठून शोधणार. नीट मांजराच्या एकेका किडनीत साधारण दोन लाख गाळण्या असतात, नेफ्रॉन म्हणतात त्यांना, आणि ठमी जन्मालाच त्यातल्या थोड्या घेऊन आली. दोन महिन्यांची असताना शरीर एवढंसं होतं तेव्हा त्या पुरल्या, मग शरीर वाढत गेलं आणि गाळण्या तेवढ्याच, म्हणून हा आजार साधारण सहा महिने ते वर्षाच्या आसपास उघडा पडतो आणि आपल्याला वाटतं अरे कालपरवापर्यंत तर ठीक होती. तुम्ही जिन्याखालून उचललं नसतं तर ती इतकी जगलीही नसती, हे मावशीला सांगितलंस तरी चालेल, पण भांडू नकोस, मावश्या अशाच असतात.

आता आकडे. अंदाजे दोन तृतीयांश गाळण्या गेल्या की लघवी घट्ट करण्याची ताकद जाते, म्हणून ती पाण्यासारखी होते. मांजराची लघवी एरवी १.०३५ च्या वर असायला हवी, तुझा १.०१२ म्हणजे किडनी काही आटवतच नाहीये. आणि तीन चतुर्थांश गेल्या की मग कुठे रक्तातलं क्रिएटिनिन वर चढायला लागतं. म्हणजे रिपोर्ट बिघडतो तोपर्यंत खेळ बराच पुढे गेलेला असतो, हे म्हाताऱ्या मांजरातही तसंच. डॉक्टर लोक जे स्टेजिंग वापरतात, आयरिस म्हणतात त्याला, त्यात मांजराचं क्रिएटिनिन १.६ ते २.८ म्हणजे दुसरी स्टेज, २.९ ते ५.० तिसरी, त्याच्या वर चौथी. ठमी तिसरीत बसते. पण एक गोष्ट कुणी सांगितली का तुला, की ही स्टेज मांजराच्या अंगात पाणी पुरेसं असताना आणि एकदा नाही, दोनदा तपासून ठरवायची असते? ज्या मांजराच्या बादलीवर ताट झाकलेलं आहे तिचा ४.२ खरा किती आणि सुकल्यामुळे किती हे कोण सांगणार? दोन-तीन आठवडे पाणी, सलाइन, खाणं नीट झालं की परत तपास. ३.४ येऊ शकतो, ४.२ च येऊ शकतो, पण तो आकडा खरा धरायचा. आणि उलटंही आहे, क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, ठमी काडी आहे, तिचं क्रिएटिनिन मुळातच कमी दिसणार, म्हणून जमलं तर सोबत एसडीएमए ही किडनीची दुसरी रक्ततपासणी पण करून घे, त्यावर बारीक असण्याचा तेवढा परिणाम होत नाही.

आता ते डिस्प्लेशिया "दिसतोय" म्हणाले ना, तो शब्द त्यांनी बरोबर वापरलाय. पक्कं सांगायचं तर किडनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो आणि २.१ सेंमीच्या किडनीतून तुकडा काढायला कुणी शहाणा माणूस जात नाही (निरोगी किडनी साधारण तीन ते सव्वाचार सेंमीची असते). वय लहान, दोन्ही किडन्या लहान आणि खडबडीत, वाढ खुंटलेली, यावरून ते अंदाज बांधतात आणि तो बहुधा बरोबरच असेल. पण माझा आग्रह असा आहे की "जन्मजात" हा शिक्का मारून घरी यायच्या आधी ज्या गोष्टींवर इलाज आहे त्या एकदा खोडून काढा. लघवीचं कल्चर करा, पातळ लघवीत जंतू मजेत वाढतात, किडनीपर्यंत चढतात आणि तोच आकडा वर नेतात, आणि त्यावर अँटिबायोटिक आहे. नमुना ट्रेमधून उचललेला नको, पोटातून सुईनं घेतलेला हवा, ऐकायला भयंकर वाटतं पण मांजराला रक्त काढण्याएवढाच त्रास होतो. एक एक्स-रे, मूत्रवाहिनीत खडा अडकलाय का बघायला. आणि एफआयपीचं विचारा, मांजरांच्या कोरोनाविषाणूमुळे होणारा आजार आहे तो. एफआयपीमध्ये किडनी सहसा मोठी होते, ठमीची लहान आहे म्हणून शक्यता कमी, तरी विचारा, कारण दोन वर्षांच्या आतल्या मांजरांत तो आजार बराच दिसतो आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं नाव निघालं की सगळे हात टेकायचे, आता जीएस-४४१५२४ नावाच्या औषधानं त्यातली बरीच मांजरं चक्क बरी होतात. असा बरा होणारा आजार दुसऱ्या नावाखाली राहून गेला तर आयुष्यभर टोचत राहतं.

शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुझ्यापासून तासाभरावर आहे, तिथे एकदा फोन करून विचार यातल्या कुठल्या तपासण्या होतात, मग उरलेल्यासाठी पुणं.

ब्लडप्रेशर मोजलंय का? पत्रात नाहीये. किडनीच्या मांजरांचं बीपी चढतं, १६० च्या वर राहिलं तर औषध लागतं, आणि लक्षात नाही आलं तर एके दिवशी बाहुल्या मोठ्या होऊन मांजर भिंतीवर आपटायला लागतं, दृष्टी जाते. बाळाच्या दंडाला बसेल एवढा छोटा पट्टा असतो, सगळ्या दवाखान्यात नसतो, आधी विचारून जा. लघवीतून प्रोटीन किती जातंय तेही बघायचं, लघवीतल्या क्रिएटिनिनशी त्याचं गुणोत्तर ०.४ च्या वर असेल तर त्यालाही औषध आहे. पोटॅशियम पण बघून घे, ते फार उतरलं की मान खाली लोंबते, मांजर उगाच नमस्कार केल्यासारखं बसतं.

खाण्यात मी स्वतः मोठी चूक केलेली आहे ती आधी सांगते. आमच्या भुरीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी सगळं जुनं खाणं फेकून दिलं, किडनीचं महागडं पाकीट आणलं आणि तिला मळमळत असताना तेच तिच्यापुढे धरत बसले, हे खा बाई तुझ्यासाठी चांगलं आहे म्हणून. तिनं त्या वासाचा आणि मळमळीचा असा संबंध जोडला की पुढे ते पाकीट फोडल्याचा आवाज आला तरी पलंगाखाली. कायमचं गेलं ते खाणं हातातून. त्यामुळे आधी मळमळ थांबवायची, त्याची गोळी मिळते, भूक वाढवायचीही मिळते, डॉक्टरांना माहीत असतं, मग दोन-तीन आठवडे घेऊन थोडं थोडं नवीन खाणं मिसळायचं. आणि ठमी अजून वाढीच्या वयात आहे, किडनीची खाणी मोठ्या मांजरांसाठी केलेली असतात, त्यात प्रोटीन कमी असतं, ते तिला एकदम पूर्ण लावायचं का हे विचारूनच ठरवा. तिच्यासाठी फॉस्फरस जास्त महत्त्वाचा. ६.८ आहे, तिसऱ्या स्टेजला ५.० च्या खाली आणायचा प्रयत्न करतात. तेव्हा सुकट बंद, जवळा बंद, सुके बोंबील बंद, कलेजी बंद, हाडांचं सूप बंद. त्यानं आजार झाला नाही पण आता त्याचा त्रास होईल, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूधही नको, त्यातही फॉस्फरस असतो, वर जुलाब. आणि शेवटी काहीच नको म्हणत असेल तर उकडलेलं चिकन खाऊ दे बाई, उपाशी मांजरापेक्षा चुकीचं खाणारं मांजर बरं.

फॉस्फरस बांधणारं औषध लिहून दिलं, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड वगैरे, तर ते जेवणातच मिसळायचं, रिकाम्या पोटी त्याचा उपयोग शून्य, ते खाण्यातलाच फॉस्फरस धरून ठेवतं. आणि घरात ॲसिडिटीची गुलाबी बाटली आहे त्यातही तेच आहे असा शोध कुणीतरी लावेल, ती द्यायची नाही, त्यात मॅग्नेशियम असतं. शेजारच्या काकू गोखरूचा काढा सांगतील, पुनर्नवा सांगतील. काकूंना चहा द्या, ठमीला काढा नको.

आता सलाइन. चामडीखालचं सलाइन घरी देता येतं आणि या आजारात सगळ्यात जास्त फरक त्यानं पडतो असं माझं मत आहे, पहिल्यांदा हात थरथरतो, चौथ्या-पाचव्यांदा आपण टीव्ही बघत देतो. दवाखान्यात दोनदा त्यांच्यासमोर स्वतःच्या हातानं देऊन शीक, व्हिडिओ बघून नको. रिंगर लॅक्टेट मेडिकलवाल्याकडे मिळतं. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा, बाळाच्या दुधाचा बघतो तसा, गार पाणी अंगात गेलं की मांजर शहारतं आणि दुसऱ्या दिवशी ते पातेलं बघूनच पळतं. बाटली कपाटाच्या हँडलला उंच अडकवायची, मांजर मांडीवर टॉवेलमध्ये, दोन खांद्यांच्या मध्ये चामडी चिमटीत उचलली की तंबूसारखी होते, त्या तंबूच्या तळाशी सुई. रोज नवी सुई. पाणी गेलं की पाठीवर ढेकूळ येतं, उंटाच्या कुबडासारखं, मग ते घरंगळत एका पायाकडे जातं आणि एक पाय पैलवानाचा आणि एक ठमीचा असं दिसतं, घाबरू नकोस, रात्रीतून जिरतं. चार किलोच्या मांजराला एका वेळी शंभर मिली अशी मात्रा तुला सगळीकडे वाचायला मिळेल, ठमी त्याच्या जेमतेम अर्धी आहे, ते आकडे तिला लावू नकोस, किती आणि किती दिवसांनी हे डॉक्टरच ठरवतील. जास्त पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. झोपलेली असताना मिनिटाला श्वास मोजायची सवय कर, तीसच्या वर जात असेल तर सलाइन थांबव आणि फोन कर.

कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलीस, अगदी कान खाजतोय म्हणून गेलीस, तरी पहिलं वाक्य "हिच्या किडन्या खराब आहेत" हेच, कारण मेलोक्सिकॅमसारखी दुखण्याची औषधं आणि जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं किडनीला जड जातात. आणि आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, निरोगी मांजरालासुद्धा, अर्धी पण नाही. घरात लिलीचा बुके येऊ देऊ नका, ती मोठी सुवासिक लिली असते ना लग्नाच्या बुकेत, तिचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानंही धडधाकट मांजराच्या किडन्या दोन-तीन दिवसांत बंद पडतात. गुंड्यासाठीही लागू आहे हे.

गुंड्याचं बोलू. देशी मांजरांमध्ये डिस्प्लेशिया भावंडाला होईलच असं काही नाही, ३.८ किलोचा बोका धडधाकट दिसतोय, तरी एकदा क्रिएटिनिन, लघवीची घनता आणि सोनोग्राफी करून मोकळी हो. घरी पर्शियन मांजर असणाऱ्यांसाठी मात्र वेगळं सांगते, त्यांचा किडनीचा आजार वेगळा, पीकेडी, किडनीत पाण्याचे फुगे होतात, तो खराखुरा आनुवंशिक आहे, जनुकातला तो बदल २००४ मध्ये सापडला, आईबापातल्या एकाकडे असला तरी निम्म्या पिल्लांना जाऊ शकतो, आणि गालाच्या आतून कापूस फिरवून त्याची टेस्ट होते. पिल्लू विकणाऱ्याला आईबापाचा तो रिपोर्ट मागा, बहुतेकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पण गुंड्याचं खरं काम दुसरंच आहे, आणि ते तातडीचं आहे. तुमची दोघं दहा महिन्यांची, ठमीची नसबंदी आता भूल द्यायच्या भीतीनं पुढे गेली असणार, मग गुंड्याची केलीये का? बहीणभाऊ वगैरे मांजरांना कळत नाही. या किडन्यांवर गरोदरपण म्हणजे संपलंच. गुंड्याची याच आठवड्यात करून घ्या आणि नंतरही काही आठवडे दोघांना वेगळं ठेवा, ऑपरेशननंतर लगेच बोका निर्धोक होत नाही. ठमीचं ऑपरेशन मात्र आकडे स्थिरावले की, सलाइन लावून, बीपी सांभाळून भूल देणारे डॉक्टर मिळाले तर पुढे बघता येईल.

जपानचं इंजेक्शन. बातमी हवेतून आलेली नाही, तोरू मियाझाकी नावाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी एआयएम नावाच्या प्रोटीनवर बरंच काम केलंय, गाळण्यांच्या नळ्यांत साचलेला कचरा साफ व्हायला ते मदत करतं आणि मांजरांमध्ये ते नीट कामाला लागत नाही असं त्यांना दिसलं. २०२१ मध्ये पैशाअभावी काम अडलं म्हटल्यावर जपानमधल्या मांजरवाल्यांनी कोट्यवधी येन पाठवले, वाचून मला भरून आलं होतं. पण ते तुंबलेली मोरी साफ करण्याचं काम आहे आणि ठमीच्या घरात मोरीच बांधलेली नाही. व्हॉट्सॲपवर कुणी व्हायल विकत असेल तर नंबर ब्लॉक कर.

म्हणजे बरी होईल का, तर नाही. ज्या गाळण्या नाहीत त्या येणार नाहीत. किती जगेल याचा आकडा मी देणार नाही आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, या आजारात काही महिन्यांत जाणारी पिल्लं आहेत आणि काही वर्षं मजेत काढणारीही आहेत.

आणि झोपवायचं. ते डॉक्टर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, चौथ्या स्टेजची, तोंडात फोड आलेली, श्वासाला अमोनियाचा वास मारणारी पिल्लं त्यांनी बघितली असतील, त्यांच्या डोळ्यासमोर ते येत असेल. तुझ्या डोळ्यासमोर पडद्यावर चढणारी मांजर आहे. रिपोर्ट बघून झोपवायचं नसतं गं. दारामागे कॅलेंडर आहे ना तुमच्या, तारखेच्या चौकोनात रोज संध्याकाळी एक खूण कर, आज खाल्लं, अंग चाटलं, पडदा फाडला, तर बरोबरची खूण. कोपऱ्यात तोंड करून बसली, ओकली, खाण्याला तोंड लावलं नाही, तर फुली. रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, शंभर ग्रॅम गेले तरी लिही, दोन किलोत शंभर ग्रॅम म्हणजे पुष्कळ झाले. ट्रेमध्ये लघवीचे गोळे लिंबाएवढे आहेत की चिकूएवढे हेही बघ. फुल्या बरोबरच्या खुणांपेक्षा जास्त व्हायला लागल्या आणि औषधं, सलाइन सगळं करूनही दोन दिवस पोटात काही गेलं नाही, तर त्या दिवशी ते डॉक्टर बरोबर असतील आणि तू तिला घेऊन जाशील. भुरीच्या वेळी मी चार दिवस उशीर केला. ते चार दिवस तिचे नव्हते, माझे होते.

बाकी तिला उन्हात बसू दे, खिडकी उघडी असेल तर जाळी लाव, पाण्याच्या वाट्या घरभर ठेव, ट्रे दोन कर. आणि हे वाचून झालं की उठून आधी आईला ते बादलीवरचं ताट काढायला सांग. पाणी पिते म्हणून आजार नाहीये, आजार आहे म्हणून पिते, आणि आत्ता तिला तेच तगवतंय.